मोडाफिनिल

मोडाफिनिल हे जागृती टिकवून ठेवणारे औषध असून ते केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकले जाते. नार्कोलेप्सी या निद्राविकारात दिवसा येणारी अनावर झोप कमी करणे हा त्याचा मुख्य उपयोग होय. ॲम्फेटामिनसारख्या जुन्या उत्तेजकांच्या मानाने ते सौम्य समजले जाते आणि या समजामुळेच त्याच्या वापरात अनेकदा निष्काळजीपणा शिरतो. गर्भनिरोधक गोळ्यांचा प्रभाव कमी होणे, गर्भातील बालकास संभवणारा धोका आणि क्वचित उद्भवणारी परंतु जीवघेणी ठरू शकणारी त्वचेची प्रतिक्रिया या तीन गोष्टी हे औषध घेणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असणे आवश्यक आहे.

नार्कोलेप्सी व औषधाचे स्थान

नार्कोलेप्सी हा मेंदूतील झोप व जागृती यांचे नियमन बिघडल्यामुळे होणारा दीर्घकालीन विकार आहे. फ्रेंच वैद्य झाँ-बाप्तिस्त-एदुआर जेलिनो यांनी १८८० साली त्यास हे नाव दिले. रुग्ण रात्री पुरेसा झोपला तरी वर्गात, कचेरीत, जेवताना किंवा बोलता बोलता त्यास झोप लागते. अनेक रुग्णांमध्ये हसू, राग वा आश्चर्य यांच्या भरात स्नायू अचानक सैल पडतात. या लक्षणास कॅटाप्लेक्सी म्हणतात. कॅटाप्लेक्सी असलेल्या बहुतेक रुग्णांच्या मेंदूत हायपोक्रेटिन अथवा ओरेक्सिन हा पदार्थ तयार करणाऱ्या पेशी नष्ट झालेल्या आढळतात. हा पदार्थ १९९८ साली ज्ञात झाला. लक्षणे सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत अनेक वर्षे लोटणे हे या विकाराचे दुर्दैवी वैशिष्ट्य आहे. तोपर्यंत आळशी किंवा बेफिकीर असा शिक्का रुग्णावर बसलेला असतो.

मोडाफिनिलमुळे हायपोक्रेटिनची उणीव भरून निघत नाही. औषध घेतले असेपर्यंत झोपेचा जोर ओसरतो, एवढेच त्याचे कार्य होय. कॅटाप्लेक्सीवर त्याचा भरवशाचा परिणाम होत नाही. त्यासाठी काही नैराश्यरोधी औषधे, सोडियम ऑक्सिबेट किंवा पिटोलिसंट यांसारखी वेगळी औषधे वापरावी लागतात. दिवसातून एक-दोनदा ठरावीक वेळी घेतलेली छोटी डुलकी आणि रात्रीच्या झोपेची नियमित वेळ यांची जोड दिल्यास औषधाचा अधिक लाभ होतो.

शोध व मान्यता

फ्रान्समधील लाफों प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात ॲड्राफिनिल हे संयुग तयार झाले. ते शरीरात गेल्यावर त्याचे जे रूपांतर होते ते म्हणजे मोडाफिनिल, असे पुढे दिसून आले. ल्यों येथील निद्राशास्त्रज्ञ मिशेल झुवे यांनी १९८० च्या दशकात नार्कोलेप्सीच्या रुग्णांवर त्याचे परिणाम अभ्यासले. फ्रान्समागून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर १९९८ मध्ये नार्कोलेप्सीसाठी त्यास मान्यता दिली. तेथे सेफालॉन या कंपनीने ते ‘प्रोव्हिजिल’ या नावाने बाजारात आणले. २००४ साली अमेरिकेत त्याची व्याप्ती वाढून रात्रपाळीमुळे होणारा निद्राविकार आणि निद्राश्वसनरोधाच्या रुग्णांत उपचारांनंतरही शिल्लक राहणारी सुस्ती यांचा त्यात समावेश झाला.

युरोपात मात्र उलट दिशेने पाऊल पडले. युरोपीय औषध संस्थेने २०१० साली फेरतपासणी केली आणि त्वचेच्या व मानसिक दुष्परिणामांचा धोका विचारात घेता केवळ नार्कोलेप्सीमध्येच लाभ धोक्यापेक्षा अधिक ठरतो, असा निष्कर्ष काढला. त्यामुळे रात्रपाळी व निद्राश्वसनरोध हे उपयोग तेथील माहितीपत्रकातून वगळण्यात आले. एकाच औषधाविषयी दोन प्रगत नियामक संस्था असे वेगळे निर्णय घेतात, याचे कारण त्यांच्या हाती असलेल्या पुराव्यातील भेदापेक्षा धोका मोजण्याच्या त्यांच्या पद्धतीत अधिक आहे.

भारतात अनेक कंपन्या हे औषध बनवतात. मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्माचे ‘मोडालर्ट’ हे नाव भारताबाहेरही परिचित आहे. मोडाफिनिलच्या रेणूची परस्परांची आरशातील प्रतिमा असणारी दोन रूपे असतात. त्यांपैकी शरीरात अधिक काळ टिकणारे रूप वेगळे करून आर्मोडाफिनिल हे औषध तयार झाले व २००७ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. दोहोंची मिलिग्रॅममधील मात्रा सारखी नसते. त्यामुळे दुकानात एक नसल्यास दुसरे त्याच आकड्याने घेणे चुकीचे ठरते.

शरीरातील कार्य

मेंदूतील पेशी डोपामिन हा संदेशवाहक पदार्थ सोडतात आणि एका वाहक प्रथिनाच्या साहाय्याने तो परत आत ओढून घेतात. मोडाफिनिल या वाहकास अडवते, त्यामुळे डोपामिन अधिक काळ कार्यरत राहते. जागृती वाढण्याचे हे प्रमुख कारण मानले जाते. नॉरॲड्रेनॅलिन, हिस्टामिन व ओरेक्सिन या यंत्रणांवरही त्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष परिणाम होतो. डोपामिनशी असलेल्या या संबंधामुळेच त्याची सवय लागण्याची शक्यता, कमी असली तरी, नाकारता येत नाही.

गोळी घेतल्यावर २ ते ४ तासांत रक्तातील प्रमाण कमाल पातळी गाठते. भरल्या पोटी घेतल्यास हा काळ सुमारे एक तासाने लांबतो, परंतु एकूण शोषण कमी होत नाही. औषधाचे विघटन मुख्यतः यकृतात होते आणि त्याचा अर्धायुकाल साधारण १५ तासांचा आहे. सकाळी ८ वाजता घेतलेल्या गोळीचा जवळजवळ निम्मा अंश रात्री ११ वाजताही शरीरात असतो, हे लक्षात घेतले म्हणजे ‘गोळी सकाळीच घ्या’ या सूचनेचे कारण वेगळे सांगावे लागत नाही.

मात्रा व वेळ

प्रौढांसाठी नेहमीची मात्रा दिवसाला २०० मिलिग्रॅम असून ती सकाळी एकदाच घेतली जाते. काही रुग्णांना ती सकाळ व दुपार अशी विभागून दिली जाते. ४०० मिलिग्रॅमपर्यंत मात्रा अनेकांना सोसते, परंतु २०० मिलिग्रॅमपेक्षा तिचा अधिक लाभ होतो असे सातत्याने दिसून आलेले नाही. म्हणून ‘एका गोळीने भागत नाही, दोन घेतो’ असा निर्णय रुग्णाने स्वतः घेऊ नये. गुण न येण्याचे कारण अपुरी रात्रीची झोप, निदानातील चूक किंवा दुसरे एखादे औषध हेही असू शकते. रात्रपाळीच्या विकारासाठी जेथे हे औषध दिले जाते तेथे पाळी सुरू होण्यापूर्वी सुमारे एक तास ते घेतात.

यकृताचा तीव्र विकार असल्यास मात्रा निम्मी केली जाते. वृद्धांनाही कमी मात्रेपासून सुरुवात करतात. लहान मुलांसाठी या औषधास मान्यता नाही. अतिचंचलतेच्या विकारासाठी मुलांना ते देण्याचा प्रस्ताव अमेरिकेत २००६ साली आला होता, तथापि चाचण्यांतील त्वचेच्या प्रतिक्रियांमुळे तो फेटाळला गेला.

सकाळची गोळी विसरली व दुपार उलटून गेली, तर त्या दिवशीची मात्रा सोडून द्यावी. दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. जास्त गोळ्या घेतल्या गेल्यास अस्वस्थता, निद्रानाश, छातीत धडधड व रक्तदाब वाढणे ही लक्षणे दिसतात. त्यावर विशिष्ट उतारा नाही, रुग्णालयात लक्षणांनुसार उपचार करावे लागतात.

उपचार सुरू होण्यापूर्वी

दिवसा झोप येते एवढ्या तक्रारीवर हे औषध सुरू करणे योग्य नाही. रक्तक्षय, थायरॉइडचे विकार, नैराश्य, इतर औषधांची गुंगी आणि सर्वांत सामान्य कारण म्हणजे अपुरी झोप यांमुळेही तेच लक्षण उद्भवते. नार्कोलेप्सीचे निदान रात्रभराची निद्राचाचणी आणि तिच्या दुसऱ्या दिवशी ठरावीक अंतराने झोपू देऊन झोप लागण्यास किती वेळ लागतो हे मोजणारी चाचणी यांवरून करतात.

घोरणे व झोपेत श्वास अडकणे हा निद्राश्वसनरोधाचा विकार असल्यास मोडाफिनिलने श्वासमार्ग मोकळा होत नाही. दिवसा तरतरी वाटू लागल्यावर रुग्ण रात्रीचे सीपॅप यंत्र लावणे सोडून देतो, असे घडू शकते. वरकरणी सुधारणा दिसत असताना हृदयावरील व रक्तदाबावरील ताण तसाच चालू राहतो.

उपचारांपूर्वी रक्तदाब तपासणे व हृदयाचा आलेख काढणे इष्ट समजले जाते. नियंत्रणाबाहेरील रक्तदाब किंवा हृदयाच्या लयीतील बिघाड असणाऱ्यांना युरोपातील सूचनांनुसार हे औषध देत नाहीत. डाव्या जवनिकेची जाडी वाढलेली असल्यास, तसेच पूर्वी एखादे उत्तेजक घेतल्यावर हृदयाच्या झडपेच्या दोषाशी निगडित त्रास झाला असल्यास ते टाळावे, असे सांगितले जाते. उन्माद, भ्रम, तीव्र नैराश्य अथवा व्यसनाधीनता यांचा पूर्वेतिहास डॉक्टरांपासून लपवू नये.

दुष्परिणाम

डोकेदुखी हा सर्वाधिक आढळणारा त्रास होय. अमेरिकेतील चाचण्यांत औषध घेणाऱ्या ३४ टक्के रुग्णांनी तिची तक्रार केली. मात्र निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांमध्येही हे प्रमाण २३ टक्के होते. मळमळ ११ टक्क्यांना, तर निद्रानाश ५ टक्क्यांना झाला. अस्वस्थपणा, तोंड कोरडे पडणे, भूक मंदावणे हेही आढळते. बहुतेकांत हे त्रास सौम्य असतात.

गंभीर दुष्परिणाम विरळ आहेत, परंतु त्यांची ओळख पटण्यास उशीर झाला तर प्राणावर बेतू शकते. स्टीव्हन्स-जॉन्सन लक्षणसमूहात अंगावर पुरळ उठते, त्वचेस फोड येऊन ती सोलवटते आणि तोंड, डोळे व जननेंद्रिय यांच्या श्लेष्मल त्वचेवर व्रण पडतात. याखेरीज ताप, पुरळ, सुजलेल्या गाठी आणि यकृतासारख्या अवयवांचा दाह अशा स्वरूपाची बहुअवयवी प्रतिक्रियाही नोंदली गेली आहे. असे प्रकार बहुधा उपचारांच्या पहिल्या काही आठवड्यांत होतात, तथापि त्यानंतरही ते उद्भवू शकतात. आपल्याकडे पुरळ दिसले की उष्णता वाढली, काही बाधले असे म्हणून ताक किंवा गुलकंद घेऊन वाट पाहिली जाते. मोडाफिनिल चालू असताना असे थांबणे धोक्याचे आहे. पुरळाचे दुसरे कारण निश्चितपणे ठाऊक नसेल तर गोळी त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांना दाखवावे. ओठ, जीभ वा घसा सुजणे व श्वास लागणे यांत तर क्षणाचाही विलंब नको. कोणते पुरळ साधे व कोणते घातक ठरेल हे सुरुवातीस सांगता येत नाही, आणि गोळी थांबवली तरी प्रतिक्रिया वाढणार नाही याची शाश्वती नसते. एकदा अशी प्रतिक्रिया येऊन गेल्यावर हे औषध, तसेच आर्मोडाफिनिल, पुन्हा घेऊ नये.

मानसिक दुष्परिणामांत चिडचिड, आक्रमकता, संशय, भास, उन्माद व आत्महत्येचे विचार यांचा समावेश होतो. रुग्णास स्वतःतील बदल नेहमीच जाणवत नाही, म्हणून घरातील एका तरी व्यक्तीस या शक्यतेची कल्पना दिलेली असावी. छातीत दुखणे, धडधड किंवा चक्कर आल्यासही औषध थांबवून तपासणी करून घ्यावी.

भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोगाच्या औषधदक्षता कार्यक्रमात केली जाते. अशी नोंद डॉक्टरांप्रमाणेच रुग्णही करू शकतो, हे फारसे कोणास माहीत नसते.

गर्भनिरोधन, गर्भारपण व स्तनपान

मोडाफिनिल यकृतातील सीवायपी ३ए४ या विकराची क्रियाशीलता वाढवते. गर्भनिरोधक गोळ्यांतील संप्रेरकांचे विघटन याच विकरामार्फत होत असल्यामुळे त्यांची रक्तातील पातळी घटते. गोळी रोज न चुकता घेऊनही गर्भधारणा होऊ शकते. माला-एन व माला-डी यांसारख्या शासकीय योजनेतील गोळ्या संप्रेरकांच्याच असल्याने त्यांनाही हे लागू आहे. त्वचेवर लावायची पट्टी, योनीत ठेवायची कडी व त्वचेखाली बसवायची कांडी यांच्या बाबतीतही हीच अडचण येते. संबंधानंतर घ्यावयाच्या आपत्कालीन गोळीचा प्रभावही कमी होऊ शकतो. तांबी अर्थात कॉपर-टीमध्ये संप्रेरक नसल्याने तिच्यावर परिणाम होत नाही. निरोध हा पर्याय किंवा जोड म्हणून वापरता येतो.

विकराची वाढलेली क्रियाशीलता गोळी बंद केल्याबरोबर पूर्ववत होत नाही. म्हणून औषध थांबवल्यावरही काही काळ पर्यायी साधन चालू ठेवावे लागते. हा काळ अमेरिकेतील सूचनांनुसार एक महिना, तर ब्रिटनमधील सूचनांनुसार दोन महिने आहे. सावधगिरी म्हणून यांतील मोठा कालावधी पाळणे बरे.

ही बाब केवळ अनपेक्षित गर्भधारणेपुरती नाही. अमेरिकेत हे औषध घेतलेल्या गर्भवतींची नोंदवही ठेवण्यात आली होती. तिच्यातील माहितीनुसार जन्मजात व्यंगांचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येतील सुमारे ३ टक्क्यांपेक्षा बरेच अधिक आढळले आणि त्यांत हृदयाच्या दोषांचा समावेश होता. या आधारावर कॅनडाच्या आरोग्य खात्याने २०१९ साली व ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२० साली गर्भारपणात मोडाफिनिल न वापरण्याची सूचना प्रसृत केली. त्यानंतरच्या काही निरीक्षणात्मक अभ्यासांत धोका तितका स्पष्ट दिसला नाही, परंतु तेवढ्यावरून ही सूचना शिथिल झालेली नाही. मूल हवे असणाऱ्या स्त्रीने औषध कधी थांबवायचे हे गर्भधारणेपूर्वीच डॉक्टरांशी बोलून ठरवावे. गर्भारपण लक्षात आल्यास त्वरित संपर्क साधावा. स्तनपान करवीत असताना हे औषध टाळण्याचा सल्ला दिला जातो.

प्रत्यक्षात हा सगळा भाग अनेकदा न बोलताच राहून जातो. निद्राविकाराचे तज्ज्ञ गर्भनिरोधनाचा विषय काढत नाहीत, स्त्रीरोगतज्ज्ञास मोडाफिनिलची माहिती दिलेली नसते आणि अविवाहित तरुणीला तर हा प्रश्न विचारणेच अप्रशस्त वाटते. नार्कोलेप्सीची सुरुवात बहुधा पौगंडावस्थेत किंवा तारुण्यात होते, त्यामुळे हा संकोच सर्वाधिक महाग पडणाऱ्या वयातच आड येतो.

इतर औषधे व पेये

मोडाफिनिल काही औषधांची पातळी घटवते, तर काहींची वाढवते. अवयवरोपणानंतर दिल्या जाणाऱ्या सायक्लोस्पोरिनचा प्रभाव कमी होऊ शकतो. याउलट सीवायपी २सी१९ या विकरास ते अडवत असल्यामुळे फेनिटॉइन, डायझेपाम, ओमेप्राझोल यांसारखी औषधे शरीरात अधिक काळ साचू शकतात. वॉरफेरिन घेणाऱ्यांनी रक्त गोठण्याच्या वेळेची तपासणी अधिक वेळा करून घ्यावी. रिफाम्पिसिन, कार्बामाझेपिन व फेनोबार्बिटाल ही औषधे मोडाफिनिलचीच पातळी घटवू शकतात. क्षयरोगाच्या उपचारांत रिफाम्पिसिन सर्रास वापरले जात असल्यामुळे आपल्याकडे हे विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मद्य टाळावे. चहा-कॉफी वर्ज्य नाही, तथापि तिच्या जोडीने हातांचा कंप, धडधड व निद्रानाश वाढतो.

वाहन चालवणे

औषध घेणाऱ्याची जागृती निरोगी माणसाइतकी होतेच असे नाही. अधिक अडचणीची बाब अशी, की झोपेने ग्रासलेल्या माणसाला आपण किती पेंगत आहोत याचा अंदाज नीट करता येत नाही. ‘झोप येते का?’ या प्रश्नाचे उत्तर तो ‘नाही’ असे देतो आणि जेवणानंतरच्या प्रवासात डुलकी घेतो. म्हणून गाडी चालवताना, यंत्रावर किंवा उंचावर काम करताना झोप लागते काय, हे डॉक्टरांनी स्पष्टपणे विचारावे लागते आणि घरच्यांचे म्हणणेही ऐकावे लागते. उपचार सुरू झाल्यावर अथवा मात्रा बदलल्यावर औषधाचा आपल्यावरील परिणाम कळेपर्यंत वाहन चालवू नये.

अभ्यासासाठी वापर

निरोगी व्यक्तींत, विशेषतः विद्यार्थ्यांत, रात्रभर जागण्यासाठी किंवा एकाग्रता वाढावी म्हणून मोडाफिनिल घेण्याचा प्रकार अनेक देशांत आढळतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका समीक्षेत गुंतागुंतीच्या कामांत लक्ष व नियोजन यांवर काही अनुकूल परिणाम दिसले, परंतु स्मरणशक्तीबाबत निष्कर्ष एकसारखे नव्हते. २०१७ साली जर्मन संशोधकांनी प्रसिद्ध केलेला बुद्धिबळपटूंवरील प्रयोग या संदर्भात बोलका आहे. ३९ खेळाडूंनी औषध घेऊन संगणकाशी जलद डाव खेळले. ते प्रत्येक चालीवर अधिक वेळ विचार करू लागले आणि परिणामी घड्याळात हरण्याचे त्यांचे प्रमाण वाढले. वेळेमुळे गमावलेले डाव वगळल्यावरच त्यांची कामगिरी सरस दिसली. वेळेशी बांधलेल्या स्पर्धा परीक्षेसाठी गोळी घेऊ पाहणाऱ्यास हा निष्कर्ष उपयोगाचा आहे.

वाचलेले स्मरणात पक्के होण्यासाठी झोप लागतेच. गोळीने पेंग जाते, झोपेची गरज मात्र तशीच शिल्लक राहते. मित्राकडून घेतलेल्या गोळीसोबत तपासणी, पूर्वेतिहास व पुरळाविषयीची सूचना येत नाही, हा भाग वेगळाच.

कायदा, प्रवास व क्रीडा

मोडाफिनिलची कायदेशीर स्थिती देशागणिक बदलते. अमेरिकेत ते नियंत्रित पदार्थांच्या चौथ्या अनुसूचीत आहे. जपान व रशियात नियम अधिक कडक असून परवानगीविना जवळ बाळगणे हा गुन्हा ठरू शकतो. भारतातून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी जाणाऱ्या रुग्णाने त्या देशाच्या वकिलातीकडे आधी चौकशी करावी, गोळ्या मूळ वेष्टनात ठेवाव्यात आणि डॉक्टरांचे इंग्रजीतील पत्र सोबत बाळगावे. घरून टपालाने गोळ्या मागवण्याचा मार्ग अनेक ठिकाणी बेकायदेशीर आहे.

क्रीडा क्षेत्रात जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध यादीत मोडाफिनिल २००४ पासून आहे. अमेरिकेची धावपटू केली व्हाइट हिने २००३ साली पॅरिस येथील जागतिक स्पर्धेत १०० व २०० मीटर शर्यती जिंकल्या. तिच्या नमुन्यात मोडाफिनिल सापडले तेव्हा आपणास नार्कोलेप्सी असल्याचे तिने सांगितले. पुढील वर्षी तिने इतर बंदी असलेल्या पदार्थांच्या सेवनाची कबुली दिली, दोन वर्षांची बंदी स्वीकारली व ती पदके गमावली. खरोखर नार्कोलेप्सी असलेल्या खेळाडूस उपचारार्थ वापराची सवलत मागता येते. भारतात त्यासाठी राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे निद्राचाचणीच्या अहवालांसह अर्ज करावा लागतो व तो स्पर्धेपूर्वी मंजूर व्हावा लागतो.